लपवलेला चौथा रकाना

ओळ १

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. कागदावरचा नव्हे, संगणकावरच्या तक्त्यातला. डोंगराळ मुलखात नारिन नदीच्या वरच्या अंगाला जनावरांचा दवाखाना आहे, तिथला. तक्ता अकरा हजार ओळींचा, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक घोडा. माझ्या डोक्यावर लिहिलं आहे, ‘रंग व खुणा’.

दवाखान्यातल्या एसेनकुल बाइकेंनी मला मांडलं; बाइके म्हणजे तिकडच्या बोलीत थोरले दादा. ते प्रत्येक घोड्याभोवती फिरत, वाकून पाहत आणि दोन बोटांनी टाइप करत. लोक म्हणत, “बाइके, नोंद करताय की सोयरीक बघताय?”

ओळ ४०७

मला पहिल्या रकान्याचा हेवा वाटतो. त्याच्यात कानातल्या बिल्ल्यांचे आकडे असतात. तो गोठवलेला आहे. तक्ता उजवीकडे सरकवला की आम्ही सगळे पडद्याबाहेर जातो, तो मात्र डावीकडे ठाण मांडून. गोठवायची रेघ माझ्या पलीकडे आखली असती तर काय बिघडलं असतं?

ओळ ४०८

बाइके निवृत्त झाले. त्यांच्या जागी साइकाल आली. “एवढं पाल्हाळ कोण वाचणार?” म्हणाली आणि तिने मला लपवलं. पुसलं असतं तरी चाललं असतं. लपवलेल्याला हेवा करायला भरपूर वेळ असतो.

ओळ ८,२१४

शरद ऋतूत कळप कुरणांवरून खाली उतरले. एका घोडीवरून भांडण आलं.

“घोडी माझी आहे, तुझ्या यंत्राला विचार,” म्हाताऱ्या बुरुल आपा म्हणाल्या; तिकडे वडीलधाऱ्या बाईला आपा म्हणतात.

“आपा, बिल्ल्याचा आकडा सांगा.”

“अगं, कान फाटलाय! बिल्ला पडलाय डोंगरात. आकडा कुठून आणू?”

शेजारचा मादिल्बेक म्हणाला, “माझीही करडी हरवलीय. हीच ती.”

“हिच्या पोटाखाली व्रण आहे!”

“आत्ताच वाकून बघितलात की, आपा. तेवढं मलाही दिसतं.”

आपांच्या दारात दुसरं जनावर नव्हतं. मादिल्बेक तर तिला हिवाळ्याच्या मांसासाठी कापणार होता.

साइकालने आपांचं नाव शोधलं. ओळ सापडली. पहिला रकाना आकडा घेऊन छाती काढून उभा. पण तो जुळवायचा कशाशी? तिने तक्ता उजवीकडे सरकवला, मग दृश्य लहान केलं. अक्षरं मुंग्यांएवढी झाली. मी कुठेच नव्हतो.

शेवटी तिने बाइकेंना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला.

“पोरी, तिसऱ्यानंतर एकदम पाचवा? माझा चौथा कोणी खाल्ला?”

साइकालचे कान लाल झाले. तिने माझे दोन्ही शेजारी निवडले आणि मला उघडलं. मी अंग चोरून बाहेर आलो:

करडी, डाव्या माग

“पुढे वाच की!” आपा ओरडल्या.

साइकालने माझी कड ओढली.

करडी, डाव्या मागच्या पायाला पांढरा मोजा, पोटाखाली तारेचा व्रण. नोंद चार वर्षांपूर्वीची.

मादिल्बेकने घोडीच्या मागच्या पायाचा पांढरा मोजा पाहिला आणि टोपी चाचपली. “मग माझी कुठं गेली?”

“शोध जा,” आपा म्हणाल्या, “आणि कापायच्या आधी विचारत जा.”

पुन्हा ओळ ८,२१४

घोडीला नवा बिल्ला मिळाला. पहिल्या रकान्यातला आकडा पुसला गेला. नवा लिहीपर्यंत त्याचं घर रिकामं होतं. माझं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. मी त्याच्याकडे पाहून हसलो. तो आजही गोठवलेला आहे आणि मी आजही जळतो.

मित्रांनो, नको असेल ते लपवा. पण अधूनमधून उघडून पाहत जा. आतून आम्हाला हाक मारता येत नाही.