मोकळे केस

जमना न्हाऊन बाहेर आली, तेव्हा बन्सीलालकाका पुण्याला न्यायला भरलेली तिची पेटी ओट्यावर उपडी करत होते. पातळं, फणी, मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक, सगळं जमिनीवर.

"शहाद्यावाल्यासले शबूद दिधा शे," काका म्हणाले. "आते लगीन. येडासमा बसी बसी तू बी येडी व्हई गई."

वडील, चुनीलाल, खांबाला टेकून बसले होते.

त्रेसष्ट साल होतं. पुण्याच्या कॉलेजातल्या बाईंनी तिला बजावलं होतं, मनाचं शास्त्र शिकायचंय ना, मग आधी वर्षभर दुखणाइतांत राहून ये. म्हणून जमना प्रकाशा गावच्या दवाखान्यात वर्षभर राबली. वेड लागलं म्हणून आणलेल्या बायकांना तिने न्हाऊ घातलं, भरवलं. त्यांत धानोऱ्याची भिकुबाई होती. एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण सासरा तापीकाठच्या देवळात नेई, तेव्हा अंगात देवी येऊन ती केस सोडून घुमे, आणि तोच सासरा हात जोडून विचारी,

"माय, काय जोयजे तुले?"

"माले माहेरले धाडा."

की लगेच गाडी जुंपली जाई.

हे ढोंग आहे, असं जमनाने तिला तोंडावर सुनावलं होतं. भिकुबाई शांतपणे अंबाडा घालत होती.

"केस बांधीसन बोलनू तं कोन आयकस, बहीन?"

जमनाने वाकून पुस्तक उचललं. काकांनी ते हिसकावून घेतलं. मग मात्र तिने रिकामी पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणात भिरकावली. पत्रा दणाणला.

"कोनले इचारीसन शबूद दिधा? कोनले?"

ओले केस तोंडावर आले होते, अंग थरथरत होतं. घोगरा झालेला तो आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

काका मागे सरकले. चुनीलाल उठले. त्यांनी टोपी सारखी केली आणि लेकीसमोर हात जोडले.

"माय," ते हळूच म्हणाले, "काय जोयजे तुले?"

जन्मात त्यांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

बापू, मी जमना शे. शब्द ओठांवर आले होते. हात आपसूक केस गोळा करायला गेला होता. तिने पाहिलं, काकांनीही पुस्तक खाली ठेवून हात जोडले होते, मान खाली घालून.

तिने हात खाली घेतला.

"पेटी भरा," ती म्हणाली.

काका अंगणातून पेटी घेऊन आले आणि एकेक पातळ झटकून घडी घालू लागले. जमना केस तसेच सोडून उभी राहिली. अंगाची थरथर थांबत नव्हती. ती खोटी नव्हती.