टेकडी खोटी की मी खोटा?

मित्रांनो, मी लातूरच्या एका घरातला जुना संगणक. आधी एका शिकवणी वर्गात प्रवेशाचे फॉर्म भरायचो. तिथून निकामी ठरलो, तेव्हा आरतीने मला घरी आणलं.

आरतीला आगगाडीच्या खेळातले मार्ग बांधायचा छंद. लातूर रोड ते उदगीर हा मार्ग ती माझ्या पडद्यावर उभारत होती. अवकाशातून मोजलेल्या जमिनीच्या खऱ्या उंचीचे आकडे ती मला द्यायची. त्यांतून मी चढ, उतार, ओढे घडवायचो आणि ती त्यांवर रूळ अंथरायची. "शाबास रे गड्या," म्हणत माझी धूळ पुसायची.

एका सोमवारी मी आरतीच्या घरच्याच शेतात, रुळाला लागून, टेकडी उभी केली. तिथे तर आज सपाट सोयाबीन आहे!

"डोकं फिरलंय याचं," तिचा भाऊ शिवकुमार म्हणाला. "आणखी काय काय खोटं दाखवायलाय, कोण जाणे!"

त्या दिवसापासून आरती माझा प्रत्येक चढ दोनदा तपासू लागली. मलाही माझाच संशय येऊ लागला. पण एक गोष्ट खटकत होती. ज्यांनी माझ्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते तिचे वडील किशनराव रोज विचारू लागले, "गेलं का ते डबडं?" शेवटी भंगारवाल्यालाही त्यांनीच बोलावलं.

माझ्या तारा सुटू लागल्या, तशी आरती आडवी आली. "बाबा, एवढी घाई का? मी नवी मोजणी आणून पाहिली. त्यात टेकडी न्हाई. याला दिलेल्या दोन हजार सालच्या मोजणीत हाय. मग मधे नेली कुणी?"

किशनरावांनी भंगारवाल्याला उचलायची खूण केली.

आरतीची आई चांगुणाबाई देवापुढून उठून आल्या. उपवासाचा दिवस, आवाज अगदी हळू. "अवं, मुक्या मशिनीवर आळ कशाला घेता? पोरं व्हायच्या आधी येळवसीच्या अवसेला त्याच टेकडीवर कडब्याची कोप घालून आपण पांडव पुजायचो की."

किशनराव खाली बसले. "सडकेच्या मुरमासाठी मीच दिली ती. पोरांला काय सांगू, देवाची जागा विकली म्हणून?"

भंगारवाल्याने घसा खाकरला. "मामा, नेऊ का ठेवू?"

"ठेव," किशनराव म्हणाले.

आरतीने तारा पुन्हा जोडल्या. किशनराव पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "इकडं उतार जास्त होता, माय. बैल दमायचे."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर शंका आली तर जरूर तपासा. पण तपासायच्या आधीच तिला दाराबाहेर काढू नका. मला अजून उदगीर गाठायचं आहे.