शुभहस्ते मीठ

हल्ली पैसेवाली माणसं हॉलमध्ये बसून भाषणं ऐकत नाहीत, त्यांना काहीतरी हातानं करायला द्यावं लागतं, असं मेळावे भरवणाऱ्या इंद्रजीतला पुण्यात कुणीतरी सांगितलं. म्हणून त्यानं आमच्या शहरातल्या स्टार्टअपवाल्यांचा आणि बाहेरून येणाऱ्या इन्व्हेस्टरांचा 'सर्जनशील मेळावा' ठरवला. सगळ्यांनी मिळून एका भल्यामोठ्या देगेत नान-खलिया, म्हणजे नानबरोबर खायचं रस्सेदार मटण, रांधायचा. यजमानपद पडलं माझ्या आणि नौशीनच्या गळ्यात, कारण आम्ही दोघी खलियाचा तयार मसाला विकतो. तिचे अब्बा फारूखचाचा लग्नांचे बावर्ची, पाकिटावर नाव त्यांचंच. हात तिचा, तोंड माझं, असा आमचा धंदा.

आम्ही हो म्हटलं ते चितेगावातल्या एका शेडसाठी. नौशीनच्या स्वयंपाकघरात मसाल्याला जागा उरली नव्हती, घरची माणसं दिवसभर शिंकत होती. मुंबईचे अतुल सर पैसे लावतील, असं इंद्रजीत छातीठोक सांगत होता. नौशीनची तर मनातल्या मनात त्या शेडमध्ये यंत्रंही मांडून झाली होती.

रविवारी सकाळी पडेगावच्या पुढच्या लॉनवर मंडळी जमली. प्रत्येकाच्या टी-शर्टवर आपापल्या कंपनीचं नाव. एकाचं अ‍ॅप पाणी प्यायची आठवण करून देत होतं. "तहान लागलेली कळत नाही का?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, हीच तर मार्केटमधली गॅप आहे." अशा पाच अकलेच्या कांद्यांनी मिळून एक खरा कांदा चिरला आणि त्याचा व्हिडिओ काढला. बाकीचं सगळं नौशीननं केलं.

देगेत मीठ एकाच हातानं पडतं, ही तिच्या घरची रीत. दुसऱ्याचा हात लागला की चूक कुणाची हे ठरत नाही, असं चाचा म्हणतात. पण आपल्याकडे मुतारीचंसुद्धा उद्घाटन होतं, मग देगेचं का नको? इंद्रजीतनं माईक घेतला. "मीठ घालण्याचा मान आदरणीय अतुल सरांच्या शुभहस्ते!" सरांनी दोन बोटांत चिमूटभर मीठ धरलं, फोटो होईपर्यंत हात देगेवर लटकत ठेवला आणि मग सोडलं. टाळ्या. शाल. नारळ.

नौशीन मिठाची वाटी घेऊन पुढं झाली, तर इंद्रजीत आडवा आला.

"मीठ झालंय ना!"

"इंद्रजीतभाऊ, एवढ्या देगेला चिमूटभर? येडे झालात का?"

"सरांनी घातलंय. आता तू घातलंस तर सरांचं कमी पडलं असा अर्थ होतो. शेड पाहिजे का नको?"

नौशीननं वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा बघून मला इंद्रजीतला त्या देगेत बुडवावंसं वाटलं.

पंगत बसली. सरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अप्रतिम. मीठ तर अगदी नेमकं!" मग काय, सगळ्यांची जीभ एकदम तयार झाली. पाणीवाला म्हणाला, "चवीला लेयर्स आहेत." दुसरा म्हणाला, "मीठ कुठं अंगावर येत नाही." असतं तर आलं असतं! सात सुगरणी, भाजी अळणी म्हणतात. इथं अळणीपणाचीच आरती चालली होती, आणि लोणच्याची बरणी टेबलाखालून फिरत होती.

सरांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नौशीन, मी पैसे लावतो. अट एकच. अगदी हीच चव ठेवायची."

टाळ्या थांबेपर्यंत नौशीन उभी राहिली. मग म्हणाली, "नाय सर. हे अळणी आहे. अब्बांच्या नावानं हे विकलं तर गिऱ्हाईक पाकीट तोंडावर फेकून मारेल."

सगळे घास जागच्या जागी थांबले. सर क्षणभर गोंधळले, मग मोठ्यानं हसले. "शाब्बास! मी मुद्दामच कमी घातलं होतं. खरं कोण बोलतं, ते बघायचं होतं." आता तर टाळ्या दुप्पट झाल्या. काय ही दूरदृष्टी! पाणीवाल्यानं तर शिट्टी मारली. सर नौशीनकडे वळले. "तुझ्या लक्षात आलंच असेल ना, की ही परीक्षा आहे?"

एक 'हो' म्हटलं की शेड आमची होती. म्हण बाई, हो म्हण, मी मनात म्हणत होते. खोटं सांगत नाही, मला ती शेड हवी होती.

"नाय सर," नौशीन म्हणाली. "तुम्हाला कळलंच नव्हतं. तुम्ही तर वाढून घेतलं."

सरांना एकदम विमानाची वेळ आठवली. इंद्रजीत विसरलेली शाल घेऊन त्यांच्यामागं पळाला.

नौशीननं वाटी उचलली, देगेत मीठ घातलं, ढवळलं. मघाचेच सगळे ताटं घेऊन रांगेत आले. मान खाली घालून ओरपत होते. आता लेयर्सबद्दल कुणी बोललं नाही. मी एका कोपऱ्यात जाऊन रागानं रडले. एवढी शेड गेली, आणि ही भुरटी मंडळी आमचंच जेवून ढेकर देत होती.

तेवढ्यात सरांचा ड्रायव्हर कडूबा दबकत आला. हातात त्याचाच रिकामा डबा.

"ताई, सायेब गाडीत बसल्यात. म्हणले, आता मीठ घातलं असंल, त्यातलं थोडं डब्यात घेऊन ये. कुणाला सांगू नको म्हणले."

"काका, आधी तुम्ही जेवा," नौशीन म्हणाली. तिनं त्याला बसवलं, देगेतलं गरम वाढलं, आग्रह करून नान घातले. बाहेर सर हॉर्न वाजवत राहिले. कडूबानं बोटं चाटून ताट स्वच्छ केलं.

मग नौशीननं डबा घेतला. देगेजवळ गेलीच नाही. सरांच्या टेबलावर त्यांनी मघाशी दुसऱ्यांदा वाढून घेतलेला वाडगा तसाच पडला होता, थंड, वर तुपाचा पापुद्रा धरलेला. तो तिनं डब्यात रिकामा केला आणि झाकण घट्ट लावलं.

"सायबांना सांगा काका," ती म्हणाली, "अगदी हीच चव ठेवलीय."