भिंगरीच्या पायातलं कडं

मित्रांनो, मी एक जुनं कडं आहे. हातातलं नव्हे, पायातलं. आणि तेही एका माळभिंगरीच्या, म्हणजे माळावर सूर मारणाऱ्या चिमुकल्या पाखराच्या पायातलं. ज्वारीच्या चार दाण्यांएवढंही माझं वजन नाही. सोन्याच्या दागिन्यांनी मला पाहून खुशाल नाक मुरडावं. त्यांनी फार तर तिजोरी पाहिली असेल, मी हिमालय पाहिला आहे!

माझा जन्म कारखान्यात झाला. अंगावर एक क्रमांक आणि पक्षी-अभ्यास केंद्राचा बारीक पत्ता कोरला गेला. मग औंधजवळच्या एका तळ्याकाठी शिवांजलीताईंनी मला या भिंगरीच्या पायात घातलं. ताई पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करतात. माळभिंगऱ्या उन्हाळ्यात उत्तरेला हिमालयाकडे जातात, तिथे डोंगरातल्या घरांच्या वळचणीला मातीची घरटी बांधतात आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतात. पण गेलेलीच भिंगरी पुन्हा याच मुलखात येते का? हे दाखवायला कडं घातलेली एक तरी भिंगरी परत हाती लागायला हवी होती. कित्येक हिवाळे कोरडे गेले. अखेर वरिष्ठांनी ताईंना बजावलं, यंदाही काही सापडलं नाही तर हे काम बंद. हे सारं मला नंतर कळलं.

आम्ही दोघं मात्र तेव्हा हिमालयाची फेरी करून आटपाडीच्या माळावर मजेत होतो. मेंढ्या चालू लागल्या की गवतातले किडे उडतात आणि भिंगरी सूर मारून ते टिपते. धोंडुबाई आणि सिद्धू या धनगर नवरा-बायकोच्या कळपामागे आमचा रोजचा मुक्काम. एका संध्याकाळी मेंढ्या कोंडायला लावलेल्या वाघरीच्या जाळीत भिंगरीचा पाय अडकला. धोंडुबाईंनी तो हलक्या हाताने सोडवला आणि त्यांना मी दिसलो.

"आवं, ह्याला खूण हाय! कुणाचं तरी पाखरू हाय."

"पाखराला कुठं मालक असतोय व्हय?" सिद्धू हसले.

"खुणंचं जनावर आपल्यात आलं तर मालकाला पोचवायचं. मेंढरू काय आन् पाखरू काय!"

झालं! भिंगरी टोपलीखाली गेली. माझा जीव टांगणीला लागला. भिंगरी उडता उडताच खाते. कोंडली की तिची उपासमार. तिच्या पायाची थरथर मला कळत होती, पण मला काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आटपाडीला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार होता. धोंडुबाई टोपली घेऊन प्रत्येक मेंढपाळाला विचारू लागल्या, "ही खूण तुमची हाय का रं?"

लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. "मावशे, आता पाखरंबी राखायला लागलीस व्हय?" पण त्या हटल्या नाहीत. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या धम्मपालने मोबाईलवर माझा फोटो काढला, मोठा करून पत्ता वाचला आणि केंद्राला फोन लावला.

निरोप मिळताच शिवांजलीताई औंधहून धावत आल्या. त्यांनी माझा क्रमांक वाचला, पुन्हा वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. "आजी, हिला मीच कडं घातलं होतं! ही परत आली!" ताईंचं काम वाचलं होतं. भर बाजारात माझ्यासारख्या चिमूटभर पत्र्याची छाती अभिमानाने फुलली.

"मग घ्या तुमचं पाखरू," धोंडुबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं आमी ठेवत न्हाई."

"माझं नाही ते, आजी. हिला मालकच नाही. लवकर सोडा, उपाशी आहे ती."

धोंडुबाईंनी भिंगरीला ओंजळीत घेतलं. "मालक न्हाई कसा? एवढ्या लांबनं आमच्या माळाला येतंय, म्हंजी आमचंच हाय की!" असं म्हणून त्यांनी ओंजळ उघडली.

भिंगरी अशी सुटली की अख्खा बाजार माना वर करून बघत राहिला. टिंगल करणारेच सर्वांत मोठ्याने ओरडत होते. पहिला किडा तिने बाजाराच्या डोक्यावरच टिपला.

मित्रांनो, कडं घातलेला पक्षी सापडला तर त्याचा फोटो काढा, क्रमांक कळवा, पण त्याला कोंडू नका. धोंडुबाईंनी आम्हाला आपलं म्हटलं आणि त्याच क्षणी सोडूनही दिलं. तुम्हीही आम्हाला असंच आपलं म्हणा.