खिम्याची चव

बुरुलकाननं शालीखालून जॅमची बाटली काढली आणि दवाखान्याच्या टेबलावर ठेवली. "भोपळ्याचं बी समजून बघ, म्हणजे किळस येणार नाही."

आयजमाल, गावातली एकुलती एक नर्स, हसली नाही. बाटलीतला पांढरा चपटा तुकडा अजून वळवळत होता. "आपा, हा जंताचा तुकडा आहे. फितीसारखा लांबलचक असतो तो, बाकीचा पोटातच ठाण मांडून बसलाय. कच्चं मांस खाता?"

"छे! मंतीत भरायचा खिमा तेवढा चाखते. मीठ बघायला."

गावात लग्न असो की बारसं, मंतीच्या वाफवलेल्या करंज्या व्हायच्याच, आणि त्यांच्या खिम्याचं घमेलं आधी बुरुलकानपुढे यायचं. कच्ची चिमूट जिभेवर ठेवून ती डोळे मिटायची आणि साऱ्या बायका गप्प व्हायच्या. नवरा केव्हाच गेला होता, लेक मॉस्कोत होता. घरात बोलायला होती ती चहाची किटली. बाईचं माणसांत येणं होतं ते कार्याघरच्या चुलीपाशीच.

"कुणाला कळलं, तर मला चुलीपाशी उभं करणार नाहीत गं."

"तुमच्या हातून तो कुणाला होत नाही, आपा. गुरांच्या कच्च्या मांसातून येतो. गोळ्या घ्या, सुटाल. नाव मी कुणाला सांगणार नाही."

गोळ्यांनी पीडा गेली. आयजमालनं शब्दही पाळला. पण पोरगी कामाला पक्की. बायकांना जमवून तिनं बजावलं, "कच्चा खिमा चाखू नका. चिमूटभर तव्यावर परता, मग चाखा." आणि गावात कच्चा खिमा चाखणारी तर एकच! बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, बुरुलकानकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

झैनेपच्या नातवाला पाळण्यात घालायच्या दिवशी बुरुलकान बाह्या सारून हजर झाली. झैनेपनं दारातच तिचे दोन्ही हात धरले. "अगं, किती राबशील? आता तुझं वय मानानं बसायचं!"

"झैनेप, मी बरी झालेय."

"आजारी होतीस असं म्हणतंय कोण? चल, बस."

आणि तिला दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जाड गाद्यांवर, म्हाताऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. तिथून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. बुरुलकानला रडू आलं, ते तिनं चहाबरोबर गिळलं.

आत चुलीपाशी बायकांचा हशा फुटला. शेजारचा बहिरट म्हातारा तिच्याकडे वळला. "काय झालं गं एवढं हसायला?"

"मला काय ठाऊक, बाबा," ती म्हणाली. "मी पाहुणी आहे."