अकरावा प्रश्न

शारदाबाईंची दिवसभराच्या पाण्याची लोटी मुठीएवढी होती. किडन्या निकामी झाल्यापासून डॉक्टरांनी तेवढंच पाणी ठरवून दिलं होतं, गोळ्याही त्यातच गिळायच्या. खारवडच्या बोअरचं खारं पाणी त्यांनी जन्मभर बिनबोभाट प्यायलं. आता घरात गोड पाण्याचा माठ आला, तर त्याच्याकडे नुसतं बघत बसायची वेळ आली.

आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस. एका जीपमध्ये चार पेशंट आणि त्यांची माणसं. चार तास यंत्राला जखडून राहायचं आणि येताना सगळा रस्ता ओकाऱ्या काढायच्या. खरं तर खारवडच्याच सरकारी दवाखान्यात डायलिसिसची दोन यंत्रं येऊन पडली होती. त्यांच्यावरचं प्लास्टिकही कोणी काढलं नव्हतं. पाणी शुद्ध करणारा संच नाही आणि यंत्र चालवणारा माणूस नाही, म्हणून खोलीला कुलूप.

त्या जीपमध्येच बरोबरचे पेशंट उकंडराव गेले. शारदाबाईंच्या खांद्यावर त्यांचं डोकं कलंडलं होतं. म्हाताऱ्याला झोप लागली असेल म्हणून बाईंनी खांदा हलवला नाही, हातही अवघडू दिला. खामगाव आलं तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता मी जाणार नाही. माठाजवळ बसीन, पोटभर पाणी पिईन. मंग जे व्हायचं ते होऊ द्या."

मार्तंडराव शाळेचे निवृत्त ग्रंथपाल. गाव त्यांना गुरुजीच म्हणायचं. माणसापेक्षा पुस्तकाशी बोलणं त्यांना सोपं जाई. बायकोशीसुद्धा महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी दोनदा मनात वाक्य जुळवत. त्या दिवशी मात्र न जुळवताच बोलले.

"एवढ्यात नको. यंत्रांचा प्रश्न मी आमदारांकडे लिहून दिला होता ना, तो विधानसभेत लागला आहे. मंत्र्यांना उत्तर द्यावं लागेल."

"उत्तर काय देतीन? कार्यवाही सुरू आहे."

"ते छापील उत्तर. पण आमदार उभे राहिले की त्यांना पुढचं विचारता येतं. यंत्रं सुरू कधी करता, तारीख सांगा. भर सभागृहात दिलेली तारीख मंत्र्यांना सहजासहजी मोडता येत नाही."

शारदाबाईंनी बराच वेळ माठाकडे पाहिलं. "उत्तर येते तवर जाईन. तारीख भेटली तर त्या तारखेलोक दम धरीन," त्या म्हणाल्या. "नाही भेटली, तर माह्या मागं लागू नका. शब्द द्या."

त्यांनी शब्द दिला. दुसरं काय देणार होते?

वऱ्हाडात आमदाराची सभागृहातली हजेरी कोणी मोजत नाही. लग्नातली आणि तेराव्या दिवसाच्या तेरवीतली मात्र गाव बोटावर मोजतं. उकंडरावांची बायको वच्छलाबाई रडतारडता मार्तंडरावांना म्हणाली होती, "गुरुजी, साहेबाले तुमीच फोन करा. तुमचा शब्द मोडत नाही तो." आणि गुरुजींनी केला. आयुष्यात क्वचितच कोणाला आग्रह केला असेल, तो इथे केला. "साहेब, तेरवीला आपण आलंच पाहिजे. गावाला आधार वाटेल."

प्रश्नाची तारीख नंतर कळली. नेमकी तेरवीच्या दिवसाची.

मार्तंडरावांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय आठवण करायची? त्यांना माहीत असणारच. ते सभागृहातच थांबतील. शिवाय प्रश्न अकरावा होता, आणि तासाभरात पाच-सहा प्रश्नांच्या पुढे सहसा गाडी जात नाही, हे त्यांनीच वाचलेलं होतं. म्हणजे तो येणारच नाही, ही धास्ती वेगळीच. असं उलटसुलट करण्यात दिवस गेले आणि तेरवी उजाडली.

उकंडरावांच्या अंगणात मांडव होता. साहेब आलेच तर त्यांना पुढे जायचं असेल म्हणून पहिली पंगत लवकर धरली होती. मार्तंडराव मांडवाच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन, कानात वायर घालून बसले होते. पडद्यावर प्रश्नोत्तराचा तास चालला होता, आणि तो चालला होता भलत्याच वेगाने. एका सदस्याचं नाव पुकारलं, सदस्य नाही. दुसऱ्याचं पुकारलं, तोही नाही. तिसऱ्याने विचारलं आणि मंत्र्यांच्या एका वाक्यावर समाधान मानून तो खाली बसला. सातवा प्रश्न आला तेव्हा मार्तंडरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. आज नंबर लागणार. साहेब उभे राहणार.

तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या.

"साहेब आले, साहेब आले!"

आमदारांनी उकंडरावांच्या फोटोला फूल वाहिलं, वच्छलाबाईजवळ बसून दोन शब्द बोलले, डोळे पुसले. ते काही खोटं नव्हतं. मग पंगतीत मांडी घालून बसले.

"पाह्य बे," कोणीतरी म्हणालं, "मुंबईची असेंब्ली सोडून आला. याले म्हंते आपला माणूस."

"असेंब्लीत काय ठेवलं हाय? तिथं नुसते भांडतेत. इथं कोहळ्याची भाजी तरी भेटली."

मार्तंडराव उभे राहिले आणि परत बसले. कानात आठवा प्रश्न सुरू झाला. पंगतीत वडे फिरत होते. आमदार दहा-बारा हातांवर होते. तिथवर जायचं आणि जेवत्या माणसाला, दुःखाच्या घरी, चारचौघांत सांगायचं की तुम्ही चुकीच्या जागी बसला आहात! बोलावलं कोणी? आपणच.

नववा प्रश्न. ते गेले. आमदारांच्या मागे उकिडवे बसले.

"साहेब."

"या गुरुजी, बसा. अरे, गुरुजींले पत्रावळ द्या!"

"साहेब, आपला प्रश्न..."

"लागला ना? म्हटलं होतं ना लावतो म्हणून."

"आज आहे. आत्ता. नववा चालू आहे."

आमदार हसले. "अकरावा कधी येत नाही गुरुजी. उगाच जीवाला घोर नका लावू."

"येऊन राह्यला साहेब," मार्तंडराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. सारी पंगत वळून बघायला लागली.

आमदारांनी वायरीचं एक टोक आपल्या कानात घातलं, दुसरं गुरुजींच्या कानात राहिलं. ऐकताऐकता त्यांचा चेहरा उतरला. वरणाचा उजवा हात तसाच वर धरून त्यांनी डाव्या हाताने स्वतःचा फोन काढला. सभागृहातल्या एका मित्राला लावला, बंद. दुसऱ्याला लावला, वाजत राहिला. तिसऱ्याने उचलला.

"अरे, माझ्या नावानं उभा राहा! अकरावा! हॅलो? आरोग्याचा प्रश्न रे, अकरावा... हॅलो?"

रेंज गेली. आणि कानातल्या वायरीतून अध्यक्षांनी आमदारांचं पूर्ण नाव घेतलं. थांबले. पुन्हा घेतलं. दोघेही खाली मान घालून ऐकत राहिले, शाळेत हजेरीला नाव पुकारावं आणि ओ देता येऊ नये तसे.

"सदस्य अनुपस्थित. पुढचा प्रश्न."

आमदारांनी वायर काढून परत दिली. "गुरुजी, तुमीच तर म्हटलं होतं, आलंच पाहिजे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"हो," मार्तंडराव म्हणाले.

"डिसेंबरात नागपूरले परत लावतो. पक्का."

"साहेब, कढी घ्या," वाढपी म्हणाला.

डिसेंबर. मार्तंडराव न जेवताच निघाले. दोन गल्ल्यांवर घर, पण ते लांबच्या वाटेने गेले. काय सांगायचं त्याचं वाक्य मनात जुळेना. जुळलं तरी ते सांगायचं नव्हतं.

शारदाबाई माठाजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजून खांबासारखे झालेले. पुढ्यात पितळेचा पेला, काठोकाठ भरलेला. ओठ कोरडे होते, म्हणजे पाण्याला अजून तोंड लावलं नव्हतं.

"झालं?"

"झालं."

"तारीख?"

"पंधरा ऑगस्ट," मार्तंडराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. छापील उत्तरासारखं, कुठेही न अडखळता आलं.

"मंत्री बोलला?"

"बोलले. भर सभागृहात."

"आपल्या साहेबानं इचारलं?"

"उभं राहून विचारलं."

बाहेरून हॉर्न वाजवत दोन-तीन गाड्या गेल्या. शारदाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "ह्या कोणाच्या गाड्या?"

"तहसीलदाराच्या असतील. तेरवीला आले होते."

आज नाही तर उद्या वच्छलाबाई येईल, नाही तर पाण्याला आलेली कोणी बाई सांगेल. हे खोटं फार तर एक रात्र टिकणार होतं. जीप तर परवाची होती. तोवर कसंबसं टिकलं आणि एकदा बाई जीपमध्ये बसली, की पुढचं पुढे. याच्यापलीकडे त्यांना विचार करता येत नव्हता.

शारदाबाईंनी पेला उचलला. त्यांनी माठावरचं झाकण सारलं आणि पाणी हळूहळू, एक थेंब न सांडता, परत आत ओतलं.

"पंधरा ऑगस्ट म्हणजे लय लांब नाही," त्या म्हणाल्या. "परवाचं जीपवाल्याले सांगून ठेवा. मले पुढची सीट पायजे म्हणा. मागं मी आता बसत नाही."

"सांगतो."

"आत्ताच सांगा. मंग पुढची सीट भेटत नाही."

त्यांनी फोन लावला. जीपवाला तेरवीच्याच मांडवात होता, दुसऱ्या पंगतीत. त्याच्या मागून मोठमोठ्याने आवाज येत होते. साहेबाचा नंबर हुकला म्हंते, कोणी हसत होतं, कोणी गुरुजींचं नाव घेत होतं. मार्तंडरावांनी फोन कानावर घट्ट दाबून धरला आणि बायकोकडे पाठ फिरवून, जमेल तेवढ्या चढ्या आवाजात ते म्हणाले, "परवा. पुढची सीट. हो, हो, येणार आहेत त्या."