आत्याबाईंचा एक तारा

दूरदेशी पाऊल टाकणारेच इतिहास घडवतात, असं संचालक सभेत म्हणायचे. स्वतः मात्र ते गच्चीवरही पायरी चाचपून चढत. त्यांचं अ‍ॅप घरोघरी सुतार पाठवायचं. परदेशात त्यांनी एकच शहर घेतलं, एकच सुतार नेमला आणि नियम केला, की पहिल्या ग्राहकानं पाचपैकी एकच तारा दिला तर मुकाट्यानं गाशा गुंडाळायचा.

जाहिरात करण्याआधीच ऑर्डर आली. नाव त्यांच्या आत्याबाईंचं. त्या गेल्या वर्षीच वारल्या होत्या. "दार आतून उघडत नाही. लवकर ये."

"दाजी, आधी घाम पुसा," संगणक सांभाळणारी मेव्हणी म्हणाली. "सुरुवातीला चाचणीसाठी तुम्हीच त्यांचं खातं उघडलं होतंत. इकडची सगळी माहिती आपण तिकडे उचलून टाकली, त्यात आत्याबाईही गेल्या."

"पण निरोप आजचा आहे. आणि पत्ता तिकडचा."

मेव्हणी पत्ता पुन्हा तपासू लागली. तेवढ्यात त्या पत्त्यावर पोचलेल्या सुताराचा फोन आला. "साहेब, आतून कुणीतरी दार ठोकतंय. उघडतो."

पटाशीचे घाव ऐकू आले, मग दार करकरलं.

"आत कुणीच नाही," तो हळूच म्हणाला. "धुळीवर पाऊलसुद्धा नाही."

संचालकांच्या पडद्यावर तारा उमटला. एकच. खाली लिहिलं होतं, "उशीर केलास." आत्याबाईंनी हयातीतही कशाला बरं म्हटलं नव्हतं.

"हा तारा धरायचा का?" मेव्हणीनं विचारलं.

संचालकांनी नियम पुन्हा वाचला. ग्राहक जिवंत असावा, असं त्यात कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी परदेशी शाखा बंद झाली.